ऑथेल्लो : मत्सराच्या आधी काय?

शोकांतिकेचा नायक थोर असावा, पण निर्दोष नसावा. स्वतःच्याच एखाद्या प्रमादाने तो कोसळावा, असे अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा प्रमाद गाइडांतून एका शब्दात उरकलेला असतो : मत्सर. आम्हीही परीक्षेत तेच लिहून गुण मिळवले. आता मात्र ते पटत नाही.

ऑथेल्लो मूर आहे. बाप्तिस्मा घेतलेला, व्हेनिसचा सेनापती. तुर्कांशी लढायला सिनेटला तो हवा आहे. ब्राबान्शिओही त्याला घरी बोलावून त्याच्या मोहिमांच्या कहाण्या ऐकतो. जावई म्हणून मात्र तो चालत नाही. हिने बापाला फसवले, तुलाही फसवील, असे तो जाता जाता बजावतो.

तिसऱ्या अंकात इयागो हीच गोष्ट उकरून काढतो. त्याआधी सांगतो, आमच्या मुलखातल्या बायकांची रीत मला चांगली ठाऊक आहे. ऑथेल्लोला हे खोडता येत नाही. व्हेनिसच्या घरांच्या आत काय चालते, हे त्याला कुठे माहीत? रणांगणावर न डगमगणारा हा माणूस स्वतःच्या घरात ‘इथल्या’ माणसाच्या साक्षीवर विसंबतो. थोड्याच वेळात तो आपला काळा रंग, आपले वय, बोलण्यातली उणीव मोजू लागतो. मत्सर पेटतो तो नंतर. आधी उडतो तो स्वतःवरचा एतबार.

म्हणून खून माफ होत नाही. कॅसिओचे नाव घेऊन त्याने डेस्डेमोनाला विचारले, ते थेट मारायला आल्यावर. एमिलियाने शपथेवर दिलेली ग्वाहीही त्याने झिडकारली. परकेपणाचे दुःख त्याचे, जीव गेला तो तिचा. (देवलांच्या १८९० च्या ‘झुंझारराव’मधली कमळजा ती हीच.)

शेवटी तो अलेप्पोची, म्हणजे आपल्या हलबची, आठवण सांगतो. एका पगडीवाल्या तुर्काने व्हेनिसच्या माणसाला मारले, राज्याची निंदा केली. तेव्हा आपण त्याचा गळा धरून त्याला भोसकले. असेच, म्हणत तो स्वतःला भोसकतो. मारणारा व्हेनिसचा शिपाई, मरणारा तुर्क, आणि अंग एकच.

हा प्रसंग वर्गात उर्दूतून सांगितला, तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, वो किसकी तरफ से मरा?”

घंटा झाली म्हणून आम्ही सुटलो.