अद्भुत शृंगारकथा आणि दमयंतीची कसोटी

शृंगारकथेंत भुतें, यक्ष, गंधर्व, यंत्रमानव आणि पुढच्या शतकांतील माणसें यांचा संचार सुरू झाला म्हणजे सुशिक्षित कुटुंबांत बहुधा दोनच प्रतिक्रिया उमटतात. कोणी नाक मुरडून तें पुस्तक मुलांच्या हातांतून काढून घेतो. कोणी 'कल्पनेचा खेळ आहे, त्यांत काय एवढें' असें म्हणून मोकळा होतो. पहिल्या प्रतिक्रियेंत भय आहे, दुसरींत आळस आहे. टीका दोहोंतहि नाहीं. इंग्रजींत या जातीच्या लघुकथांचा बाजार आज फार मोठा आहे, आणि मराठींतहि त्या मोबाइलच्या पडद्यावर वाचल्या जातात. तेव्हां या वाङ्मयप्रकाराला कोणती कसोटी लावावी, याचा विचार करणें प्राप्त आहे. शृंगार किती उघडा आहे, ही ती कसोटी नव्हे, असें आमचें मत आहे. कथेंतील अद्भुत कोणाच्या सेवेस लागलें आहे, हा खरा प्रश्न होय.

हा प्रकार परदेशांतून आलेला नवा रोग आहे, असें समजणारांनीं पुणे-सोलापूर रस्त्यावरील यवतच्या आसपास पाहावें. यवतजवळून एक वाट भुलेश्वराच्या डोंगराकडे जाते. डोंगरावरील शिवालय यादवकालीन असून त्याच्याभोंवतीं दौलतमंगळ किल्ल्याचे अवशेष आहेत. आंतील पुष्कळ मूर्ति भंगलेल्या आहेत. तरी तेथील शिल्पें पाहणाराचे पाय थांबवितात, आणि स्त्रीरूपांतील गणेशाची मूर्ति तर प्रसिद्धच आहे. पार्वतीनें येथें नृत्य करून शंकराला भुलविलें व पुढें तीं दोघें कैलासावर जाऊन विवाहबद्ध झालीं, अशी या स्थळाची कथा लोक सांगतात, आणि भुलेश्वर या नांवाचा अर्थहि तसाच लावतात. शृंगार आणि अद्भुत या दोहोंनीं भरलेली ही एक छोटी कथाच आहे. पण ती नातवंडांना सांगतांना आजीला संकोच वाटत नाहीं. देवाची गोष्ट म्हणून वाटत नाहीं, हें उत्तर आम्हांस अपुरें वाटतें. तींत भुलविणें आहे, पण मंत्रानें बांधणें नाहीं. पार्वती नाचते, भुलावें कीं न भुलावें, हें शंकराच्या हातीं राहतें. नृत्य ही विनंती आहे. वशीकरण हा हुकूम असतो.

त्याच सोलापूर रस्त्यानें पुढें गेलें म्हणजे चौफुला लागतो. तेथील कला केंद्रांत लावणी आजहि होते. लावणींत यक्षहि नाहीं आणि यंत्रहि नाहीं. सर्व शृंगार मानुषी आहे. राम जोशी, होनाजी बाळा यांच्यासारख्या शाहिरांनीं लावण्या रचल्या, म्हणजे शब्द पुरुषांचे होते. परंतु त्यांत बोलणारी बहुधा स्त्री आहे. तिला हवें तें ती मागते, रुसते, टोचून बोलते, आलेल्याला परत पाठविते. त्याहून कितीतरी आधीं, सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेल्या महाराष्ट्री प्राकृतांतील 'गाथासप्तशती'मध्येंहि खेड्यापाड्यांतील स्त्रियांचाच आवाज पुष्कळदां ऐकूं येतो. लावणीच्या रंगमंचावरील स्त्रियांच्या वाट्याला प्रत्यक्ष जीवनांत एवढें स्वातंत्र्य आलें नाहीं, हें विसरतां येत नाहीं. तरी आमच्या शृंगारवाङ्मयानें एक गोष्ट गृहीत धरली होती: जिच्यावर प्रेम करावयाचें तिलाहि मन आहे, आणि तें काय म्हणेल हें आधीं ठाऊक नसतें.

आधुनिक मराठी कथेंत मात्र अद्भुत आणि शृंगार या दोन धारा एकमेकींपासून दूर वाहिल्या. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनीं भयकथा व गूढकथा यांना मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. जयंत नारळीकर यांनीं १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठीं टोपणनांवानें पाठविलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिलें बक्षीस मिळालें, आणि विज्ञानकथेला एक नवें वजन आलें. पण त्या दालनांत भय आणि जिज्ञासा यांचें राज्य, शृंगार बेताचाच. शृंगारकथा वेगळ्या दारानें आली, आणि त्या दाराशीं पोलिसहि उभे होते. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकांतील चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयानें लेखकाला दोषी ठरविलें. १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. कथेनें वाचकाचें मन भ्रष्ट होईल काय, एवढाच प्रश्न कायद्याला विचारतां येतो, आणि तो विचारून कायदा थांबला हें योग्यच झालें. टीकेला मात्र तेथें थांबतां येत नाहीं. कथेंत ज्याला प्रेम म्हटलें आहे तें प्रेम आहे काय, हें तिनें पाहावयाचें असतें.

या प्रश्नाला संस्कृत साहित्यशास्त्रांत फार पूर्वींच नांव मिळालेलें आहे. रति दोघांच्या ठिकाणीं नसून एकाच्याच ठिकाणीं असली, तर तो शृंगार नव्हे, शृंगाराचा आभास होय, असें आलंकारिकांनीं सांगितलें. सीतेविषयींची रावणाची अभिलाषा हें अभिनवगुप्तानें घेतलेलें त्याचें उदाहरण. वाचकांनीं क्षणभर रावणाच्या साहित्याकडे पाहावें. विमान होतें, माया होती, रूप पालटण्याची विद्या होती, सोन्याची नगरी होती. आजच्या अद्भुत शृंगारकथेंतील नायकाचीं बहुतेक सर्व साधनें त्याच्यापाशीं होतीं. सीतेचा होकार तेवढा नव्हता, आणि तेवढ्यानें सर्व फुकट गेलें. संमतीचा प्रश्न हा नीतिशास्त्रानें कलेवर लादलेला प्रश्न आहे, असें ज्यांस वाटतें त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, आमच्या पूर्वजांनीं तो रसाचा प्रश्न मानला होता.

भुलेश्वराच्या कथेंतील पार्वतीचेंच दुसरें आख्यान कालिदासानें 'कुमारसंभवा'त रचलें आहे. तेथें मदनाचें पुष्पबाण हें अद्भुत शस्त्र आहे, आणि कालिदास तें वाया घालवितो. शंकराचें चित्त किंचित् चळतें, आणि दुसऱ्याच क्षणीं मदन जळून जातो. पुढें पार्वती तप करते. शंकर ब्रह्मचाऱ्याच्या वेषानें येऊन तिच्यासमोर शंकराचीच निंदा करतो. ती रागावते, आणि तेथून निघूं लागते, तेव्हां तो प्रकट होतो. येथें वेषांतर हें अद्भुत आहे खरें, पण तें तिला फसवून मिळविण्यासाठीं नाहीं. तिचें मन तिच्याच तोंडून ऐकण्यासाठीं आहे. आठव्या सर्गांतील शृंगार पुष्कळ उघडा आहे. तरी तो सवंग वाटत नाहीं, कारण आधींच्या सर्गांत दोघांनींहि त्याचें मोल दिलें आहे.

परंतु आमच्या मतें या प्रकाराची सर्वोत्तम कसोटी दमयंतीच्या स्वयंवरांत आहे. इंद्र, अग्नि, वरुण आणि यम हे चौघे देव नलाचें रूप घेऊन बसले. मंडपांत पांच नल! दमयंतीनें आपल्या निष्ठेची साक्ष काढून देवांनाच विनविलें, तेव्हां त्यांनीं आपलीं लक्षणें प्रकट केलीं. देवांना घाम नव्हता, त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या, माळा ताज्या होत्या, पाय भूमीला टेकत नव्हते, सावली पडत नव्हती. नलाची माळ कोमेजली होती, अंगावर धूळ आणि घाम होता, डोळे मिटत-उघडत होते, आणि त्याची सावली पडली होती. तिनें सावली पडणाऱ्याला माळ घातली. या एका प्रसंगांत अद्भुताचें काम काय, तें पूर्ण सांगितलें आहे. देव आले नसते तर नलाच्या घामाची आणि सावलीची किंमत आम्हांस कळली नसती. अमानुष पुढें उभें राहिलें म्हणून मानुष उजळलें. आणि निवड दमयंतीच्या हातीं राहिली.

ही कसोटी भविष्यकाळावरील कथांनाहि लागू पडते. जर्मन लेखक ई. टी. ए. हॉफमन याच्या १८१६ मधील 'वाळूवाला' या कथेचा नायक नाथानाएल हा ओलिंपिया नांवाच्या यांत्रिक बाहुलीच्या प्रेमांत पडतो. ती एक उसासा टाकण्यापलीकडे बोलत नाहीं. म्हणूनच तिला आपलें सर्व काव्य समजतें, असें त्याला वाटतें. त्याची जिवंत प्रेयसी क्लारा त्याच्या कवितेवर स्पष्ट मत देते, तेव्हां मात्र तो तिलाच निर्जीव यंत्र म्हणतो. दोनशें वर्षांपूर्वींची ही कथा आज भविष्यकथा राहिलेली नाहीं. हवें तें हव्या त्या वेळीं बोलणाऱ्या यंत्रांत जीव गुंतविणारीं माणसें आतां खरोखर आहेत. उलट कारेल चापेक या चेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' या १९२० मधील नाटकाच्या शेवटीं दोन यंत्रमानवांपैकीं एकाला चिरफाडीसाठीं नेण्याची वेळ येते, तेव्हां प्रत्येक जण दुसऱ्याऐवजीं स्वतःला पुढें करतो. 'रोबो' हा शब्द ज्या नाटकानें जगाला दिला, त्यांतील यंत्रें प्रेमामुळें माणसें ठरतात. हॉफमननें माणूस यंत्रावर प्रेम करतांना दाखविला आणि त्याचा भ्रम दाखविला. चापेकनें यंत्रांना प्रेम दिलें आणि त्यांना नकार-होकाराचें मन दिलें. दोन्ही कृति कसोटीस उतरतात, कारण दोन्हींत लेखकाला काय चाललें आहे हें ठाऊक आहे.

भुताखेतांच्या कथांतहि हेंच दिसतें. राजस्थानी कथाकार विजयदान देठा यांच्या 'दुविधा' या कथेंत एक भूत नववधूवर मोहित होतें, आणि व्यापारासाठीं दूर गेलेल्या तिच्या नवऱ्याचें रूप घेऊन घरीं येतें. येथवर सर्व सवंग कथांची सामग्री आहे. पण तें भूत तिला खरें काय तें सांगून टाकतें, आणि निर्णय तिच्यावर सोपवितें. पुढें खरा नवरा परतल्यावर निवाडा होतो, भूत कातडी पखालींत कोंडलें जातें. त्या साऱ्या निवाड्यांत तिचें मत मात्र कोणी विचारीत नाहीं. तिला विचारणारें सबंध कथेंत एक भूतच निघालें, ही त्या कथेची जखम आहे. मणी कौल यांनीं १९७३ सालीं आणि अमोल पालेकर यांनीं 'पहेली' या नांवानें २००५ सालीं हीच कथा पडद्यावर आणली. आदित्य सरपोतदार यांच्या २०२४ मधील 'मुंज्या' या चित्रपटांतील भूत याच्या उलट आहे. त्यालाहि लग्नच हवें आहे, पण नकार त्याच्या कानांत शिरत नाहीं. चित्रपटानें त्याला प्रियकर न म्हणतां भय म्हटलें, हें त्यानें प्रामाणिकपणें केलें. अप्रामाणिक कथा ती कीं जी मुंज्याचें वर्तन घेते आणि त्यावर गंधर्वाचें नांव लिहिते.

यावर असा आक्षेप येईल कीं, मनोराज्य हें मनोराज्यच असतें. वाचणाराला खरें आणि खोटें कळतें. तें आम्हांस मान्य आहे. राक्षसाची गोष्ट वाचून कोणी राक्षस होत नाहीं. पण आमची तक्रार परिणामाची नसून कथेच्या घडणीची आहे. लेखकानें नायकाला दुसऱ्याच्या मनांतलें वाचण्याची शक्ति दिली, नायिकेला शापानें किंवा औषधानें पूर्वींच त्याची करून ठेविली, कीं कथेंतील सर्व अनिश्चितता संपते. मग विरह नाहीं, अभिलाष नाहीं, रुसवा नाहीं. वर्णनें तेवढीं उरतात, आणि वर्णनें कितीहि धीट असलीं तरी तिसऱ्या कथेपर्यंत कंटाळा आणतात. दुसरा आक्षेप असा कीं, अशा कथा पुष्कळदां स्त्रियाच लिहितात आणि स्त्रियाच वाचतात; त्यांच्या आवडींत इतरांनीं कां बोलावें? त्यांनीं लिहावें आणि वाचावें, हें आम्हांस इष्टच वाटतें. लावणींत स्त्रीच्या तोंडीं पुरुषाचे शब्द होते; आतां तिचे स्वतःचे शब्द येत असतील तर ती वाङ्मयाची वाढ आहे. पण ज्या प्रकारानें तिला लेखणी मिळाली, त्यानेंच तिच्या नायिकेचा होकार गृहीत धरावा, हें त्या लेखणीला शोभणारें नाहीं.

मराठी लेखकांस आमची सूचना एवढीच आहे कीं, त्यांनीं परकी रक्तपिपासु पात्रें उसनी आणण्यापूर्वीं आपल्या घरचा ऐवज तपासून पाहावा. पाण्यावरच्या आसरा आहेत, पिंपळावरचा मुंजा आहे, जखीण आहे, वेताळ आहे; यांतील प्रत्येकाच्या मुळाशीं कोणती तरी अपुरी राहिलेली इच्छा आहे. त्या इच्छेला कोणी तरी उत्तर देणारें मिळालें, तर उत्तम कथा होईल. घरांतील वडीलधाऱ्यांनीं तरुण वाचकाच्या हातांतून पुस्तक हिसकावून घेऊं नये. हिसकावलेलें पुस्तक पांघरुणाखालीं वाचलें जातें, आणि तेथें चर्चेला कोणी नसतें. त्याऐवजीं त्याला सहज विचारावें: या कथेंतील ती नाहीं म्हणूं शकली असती काय, आणि ती नाहीं म्हणाली असती तर त्या यक्षानें किंवा त्या यंत्रमानवानें काय केलें असतें? उत्तर शोधतांना वाचकाला ती कथा चांगली कीं वाईट, हें आपोआप कळेल. आणि पुढें कथेबाहेरहि त्याला त्या प्रश्नाचा उपयोग होईल.