भिंतीवरचं चित्र आणि डेडस्टॉक रजिस्टर

बडोद्याचं कीर्तिमंदिर आपण सगळ्यांनीच पाहिलंय. आतल्या चित्रांपुढे किती जण थांबलो, हा प्रश्न वेगळा. नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात तिथे चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीराबाईचं जीवन, नटीर पूजा आणि महाभारतातलं युद्ध. सयाजीराव महाराज फेब्रुवारी १९३९ मध्येच गेले, तरी काम पुढे चालू राहिलं. रंगापेक्षा रेषेवर भार टाकणारी ही चित्रं त्या भिंतींसाठीच आखलेली आहेत. ती उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत.

कंपन्यांच्या संग्रहाचं तसं नसतं. एअर इंडियाने १९५०च्या दशकापासून हुसेन, रझा, गायतोंडे यांची चित्रं घेतली आणि देशोदेशींच्या बुकिंग ऑफिसांत लावली. १९६७ साली साल्वादोर दालीकडून ॲशट्रे करून घेतला. त्यातला हंस उलटा पाहिला की हत्ती दिसतो. मोबदल्यात दालीने हत्तीचं पिल्लू मागितलं, आणि ते खरंच स्पेनला पाठवलं गेलं! निवड धाडसी होती, यात वाद नाही. पण सांभाळ? जतीन दास यांचं एक चित्र संग्रहातून गायब झाल्याचं २०१७ मध्ये उघड झालं. २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली, संग्रह सरकारकडे राहिला, आणि २०२३ मध्ये तो राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला देण्याचा करार झाला. म्हणजे मालकी बदलायची वेळ आली, तेव्हा कुठे या चित्रांना कायमचं घर मिळालं.

हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाही. मी नोकरीला होतो त्या कारखान्याच्या कँटीनमध्ये फाइन आर्ट्सच्या एका विद्यार्थ्याकडून घेतलेलं मोठं तैलचित्र होतं. रजिस्टरमध्ये नोंद ‘फ्रेम, लाकडी, १ नग’ एवढीच. रंगकाम निघालं तेव्हा ते भंगारात गेलं. निर्लेखनाच्या कागदावर सही माझी आहे. पंपाचा नंबर, मेक, वर्ष आम्ही चोख लिहायचो. चित्रकाराचं नाव मात्र कोणी लिहिलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

तेव्हा मंडळातल्या निवृत्त मित्रांना एकच सांगणं: आपापल्या जुन्या बँकेत, मिलमध्ये, ऑफिसात एकदा जाऊन या. भिंतीवर काय आहे, कोणाचं आहे, कधी घेतलं, ते लिहून आणा. नोंदवही मी उघडली आहे. पहिल्या ओळीत ते कँटीनमधलं चित्र आहे, चित्रकाराचा रकाना रिकामा ठेवून.