कैसर, कॅसिनो आणि चर्च : महामारीतल्या एका वादाची तपासणी

आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारले, करोना गेला, लोक विसरलेसुद्धा, आता हे मढे कशाला उकरायचे? उकरायचे अशासाठी, की त्या दोन वर्षांत सरकार आणि धर्मसंस्था यांच्यात जे वाद झाले ते निकालात निघाले, पण सुटले नाहीत. कोर्टाने निकाल दिला म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. पुढची साथ कधीतरी येणारच. तेव्हा पुन्हा तेच अर्ज आणि तेच मोर्चे निघतील. डोके थंड असताना तपासायचे तर ते आताच.

आज आपण ख्रिस्ती चर्चपुरते बोलू, आणि त्यातही मुख्यतः अमेरिकेतल्या चर्चबद्दल. कारण एकच. तिथे हा वाद लिहून, जाहीर करून, कोर्टात नेऊन लढवला गेला. लिहिलेले असले की तपासता येते. आपल्या जुन्या शास्त्रकारांचा दंडक आपण पाळू: आधी पूर्वपक्ष, तोही त्याच्या बळकट रूपात, खंडन त्यानंतर.

पूर्वपक्ष असा. लॉस एंजेलिसच्या सन व्हॅली भागात ग्रेस कम्युनिटी चर्च आहे. तिथले तेव्हाचे पाळक जॉन मॅकार्थर, अमेरिकेत फार प्रसिद्ध होते. मार्च २०२० मध्ये सरकारी आदेश आल्यावर या चर्चने दारे बंद केली. जुलैत कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी अनेक काउंटींमध्ये बंदिस्त जागेतली उपासना पुन्हा थांबवली. तेव्हा २४ जुलैला चर्चच्या वडीलमंडळाने निवेदन काढले. त्याचा मथळाच असा, की चर्चचे मस्तक ख्रिस्त आहे, कैसर नव्हे.

त्यातला युक्तिवाद थोडक्यात सांगतो. देवाने तीन संस्था नेमल्या: कुटुंब, राज्य आणि चर्च. प्रत्येकीचे क्षेत्र वेगळे, प्रत्येकीची सत्ता त्या क्षेत्रापुरती. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहायला सांगितले आहे, ते राज्याच्या क्षेत्रात. उपासना कधी, कुठे, कशी करायची, हे राज्याने सांगायचे नाही. सांगितले, तर 'प्रेषितांची कृत्ये'मध्ये पेत्राने सभेला जे उत्तर दिले तेच द्यायचे: माणसांपेक्षा देवाचे ऐकणे भाग आहे.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेऊ नका. त्याला मोठी परंपरा आहे. डच विचारवंत अब्राहम कायपर यांनी १८८० मध्ये ॲमस्टरडॅमचे विद्यापीठ स्थापन करताना क्षेत्रांच्या स्वायत्ततेचा असाच सिद्धान्त मांडला. पुढे ते नेदरलँड्सचे पंतप्रधान झाले. १९३४ मध्ये बार्मेन इथे जमलेल्या जर्मन ख्रिस्ती लोकांनी नाझी राज्यसत्तेला चर्चमध्ये शिरू देणार नाही असे जाहीर केले, तेही याच जातकुळीचे. राज्यसत्ता एकदा गाभाऱ्यात शिरली की तिला बाहेर काढणे कठीण, ही भीती खोटी नाही.

मग दोष कुठे आहे? आम्हाला दोन दिसतात.

पहिला अतिव्याप्तीचा. युक्तिवाद हवे त्यापेक्षा जास्त सिद्ध करतो. चर्चच्या इमारतीला आग लागली तर बाहेर पडायला किती दारे हवीत, सभागृहात किती माणसे मावतील, विजेच्या तारा कशा असाव्यात, हे सगळे सरकारच ठरवते. यावर पाळक कधी कैसराचे नाव घेत नाहीत. का? कारण तिथे सरकार प्रार्थनेवर बोलत नसते, माणसाच्या जिवावर बोलत असते. एखादा नियम उपासनेच्या वेळी लागू होतो, म्हणून तो उपासनेविषयीचा नियम ठरत नाही. हवेतून पसरणारा आजार आगीसारखाच. त्याला कुटुंब, राज्य, चर्च अशी क्षेत्रे कळत नाहीत. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट काउंटीत १० मार्च २०२० ला एका गायकवृंदाची तालीम झाली. जागा चर्चची, वृंद मात्र गावातल्या हौशी लोकांचा. ६१ जण आले, त्यांतले ५३ आजारी पडले, दोघे दगावले. गाणे भक्तीचे की नुसत्या आनंदाचे, हे विषाणूने पाहिले नाही.

दुसरा दोष वदतोव्याघाताचा. निवेदनाला एक पुरवणी जोडली आहे: मग मार्चमध्ये आम्ही आदेश का पाळला? उत्तर असे, की तेव्हा आजार किती भयंकर आहे ते ठाऊक नव्हते, अंदाज फार मोठे होते. आता तो तितका घातक नाही असे दिसते. आता बघा हं. मार्चमध्ये दारे बंद करणे योग्य होते, तर गंभीर धोक्यात चर्चने थांबावे हे तुम्ही मान्य केलेच. मग वाद अधिकाराचा उरत नाही; धोका किती, एवढाच उरतो. तो वाद तत्त्वाचा नसून आकड्यांचा आहे, आणि आकडे वाचायचे काम रोगतज्ज्ञांचे, बायबलच्या भाष्यकाराचे नव्हे. तत्त्वाच्या घोड्यावर बसून वस्तुस्थितीचा दावा दामटला, असे आमचे म्हणणे आहे. पुढे २०२१ मध्ये राज्य आणि काउंटी यांनी मिळून कायदेशीर खर्चापोटी आठ लाख डॉलर देऊन तडजोड केली. समर्थकांनी तो विजय म्हणून साजरा केला. खटल्यात तडजोड झाली म्हणून युक्तिवाद खरा ठरत नाही.

आता दुसरे प्रकरण. योगायोग असा, की तारीख तीच, २४ जुलै २०२०. नेव्हाडा राज्यातल्या कॅल्व्हरी चॅपल डेटन व्हॅली या चर्चचा तातडीचा अर्ज त्या दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. नेव्हाडाचा नियम काय होता? चर्च कितीही मोठे असो, आत माणसे ५०. आणि कॅसिनोला? क्षमतेच्या निम्मी. म्हणजे जुगाराच्या टेबलाभोवती शेकडो माणसे बसली तरी चालतील, प्रार्थनेला एक्कावन्नावा आला तर गुन्हा. यात अन्याय होता, हे आम्ही आडपडदा न ठेवता म्हणतो. कॅसिनोतून कर मिळतो, प्रार्थनेतून मिळत नाही. आरोग्याचा नियम महसुलाच्या तराजूत तोलला की त्याची इभ्रत जाते.

सप्टेंबरात न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग वारल्या, त्यांच्या जागी एमी कोनी बॅरेट आल्या. २५ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या प्रकरणात याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी उलट बाजूने कौल दिला. तिथे लाल क्षेत्रात १० आणि केशरी क्षेत्रात २५ माणसांची मर्यादा होती. ब्रुकलिनच्या कॅथलिक धर्मप्रांताने आणि एका ज्यू संघटनेने ती रोखायला लावली. प्रश्न त्याच जातीचा, उत्तर उलटे, मध्ये बदलले ते एक न्यायाधीश. ज्यांनी आपले धर्मशास्त्र या खुंटीला टांगले, त्यांनी खुंटी किती बारीक आहे ते पाहायला हवे होते.

पण आमचा मुख्य आक्षेप पुढेच आहे. समानाला समान वागणूक द्यावी, हे ॲरिस्टॉटलपासूनचे न्यायाचे सूत्र. ते वापरायचे तर आधी सांगावे लागते, की मी कोणासारखा आहे. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स मे महिन्यात म्हणाले होते, की चर्चची तुलना नाटक, जलसा, व्याख्यान यांच्याशी करा. तिथेही माणसे दाटीने बराच वेळ बसतात. चर्चच्या बाजूचे म्हणाले, नाही, आम्हाला दुकान, कारखाना, कॅसिनो यांच्या रांगेत बसवा. आणि हा युक्तिवाद कोर्टातून व्यासपीठावर आला. रविवारच्या प्रवचनात ऐकू येऊ लागले: दारूचे दुकान उघडे, मग आम्ही का बंद? जी संस्था स्वतःला ख्रिस्ताचे शरीर म्हणवते, ती आपली ओळख दारूच्या दुकानाशेजारी रांगेत उभी राहून सांगू लागली.

कोणी म्हणेल, कोर्टात कोर्टाचीच भाषा लागते. लागते, कबूल. वकिलाने ती बोलावी. पाळकाने ती उचलली की श्रद्धेची जागा गाऱ्हाणे घेते.

हे ऐकताना महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना काही आठवले असेलच. २०२० च्या ऑगस्टमध्ये मंदिरे उघडावीत म्हणून राज्यभर घंटानाद झाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हॉटेले आणि बार उघडले, राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात पत्रापत्री झाली, आणि १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, सगळी प्रार्थनास्थळे उघडली. 'बार उघडे, देव बंद' हा आपल्याकडचा सूर आणि नेव्हाडातला सूर एकच. म्हणून म्हणतो, हा परक्यांचा प्रश्न नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे जाऊ, म्हणजे ज्यांनी नियम पाळले त्यांच्याकडे. त्यांना सगळे गुण देऊन टाकावेत का? तसेही नाही. मार्च २०२० मध्ये इंग्लंडच्या चर्चच्या आर्चबिशपांनी चर्चच्या इमारती पाळकांनाही बंद केल्या. कायद्याने पाळकाला आपल्या चर्चमध्ये जायला मुभा होती, तिथून उपासना प्रक्षेपित करायलाही होती. म्हणजे ते कैसराच्या दोन पावले पुढे धावले. १२ एप्रिलला, पुनरुत्थानाच्या सणाला, आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांची उपासना लोकांनी पडद्यावर पाहिली, ती त्यांच्या घरातल्या स्वयंपाकघरातून. हेतू चांगला होता: लोक घरात, तर आम्हीही घरात. पण जागेला, जमण्याला, एकाच भाकरीतून घेण्याला अर्थ आहे, असे शतकानुशतके शिकवायचे, आणि एका आठवड्यात सांगायचे की पडद्यावर पाहिले तरी चालते? थांबणे बरोबर होते. थांबल्याने काही गमावले नाही, असे भासवणे चूक होते. एका बाजूने चर्चला दुकान केले, दुसऱ्या बाजूने वाहिनी केले. स्वतःची भाषा दोघांनीही सोडली.

स्वतःची भाषा म्हणजे काय, ते उदाहरणांनी सांगतो. वॉशिंग्टन शहरात कॅपिटल हिल बॅप्टिस्ट चर्च आहे. त्यांनी बंदी पाळली. ऑनलाइन उपासना मात्र सुरू केली नाही, कारण त्यांच्या मते मंडळी म्हणजे प्रत्यक्ष जमलेली माणसे. जमलो नाही, तर उपासना झाली असे म्हणायचे नाही. मग शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात, जिथे परवानगी होती, ते उघड्या मैदानात जमू लागले. सप्टेंबर २०२० मध्ये कोर्टात गेले ते एवढेच मागायला, की आमच्या शहरात मोकळ्या जागेत, मास्क लावून, अंतर ठेवून जमू द्या. शहराने मोठी निदर्शने होऊ दिली होती, हा मुद्दा त्यांनीही मांडला. पण मागणी त्यावर उभी नव्हती. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या बाजूने आदेश झाला.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे. एप्रिल २०२० मध्ये जॉर्जियाचे गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी व्यवहार उघडायला सुरुवात केली. तेव्हा बिशप रेजिनाल्ड जॅक्सन आणि इतर कृष्णवर्णीय चर्चनेत्यांनी आपल्या लोकांना सांगितले, आपण चर्च बंदच ठेवू. त्यांच्या समाजात मरणारे जास्त होते. चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्टने तर आपले कितीतरी बिशप आणि पाळक पहिल्या लाटेत गमावले होते. कैसर म्हणतो उघडा, चर्च म्हणते नाही. ही स्वायत्तताच आहे, आणि तिचे कारण शेजारी आहे.

जुना दाखला हवा तर मिलान, १५७६. प्लेग आला, माणसे घरात कोंडली गेली. आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी चौकाचौकात वेद्या उभारल्या, म्हणजे लोकांना खिडकीतून मिस्सा पाहता यावी. त्यांनी मिरवणुकाही काढल्या, त्या धोक्याच्याच होत्या. त्यांना निर्दोष ठरवायचे नाही. पण चौकातली वेदी बघा. लोक दाराशी येऊ शकत नाहीत, तर वेदी लोकांच्या दाराशी नेली. त्याआधी १५२७ मध्ये विटेनबर्गमध्ये प्लेग असताना मार्टिन ल्यूथर गावातच राहिले. त्यांनी लिहिलेल्या पत्राचा आशय असा: ज्याच्यावर इतरांची जबाबदारी आहे त्याने पळू नये, आणि ज्याची गरज नाही त्याने उगाच गर्दीत जाऊन रोग पसरवू नये. धैर्य आणि सावधपणा यांत त्यांना विरोध दिसला नाही.

आम्हाला खरी खंत इथे वाटते. २०२० मध्ये हजारो माणसे रुग्णालयात एकटी मेली. हात धरायला कोणी नाही, शेवटची प्रार्थना म्हणायला धर्मगुरू नाही. इटलीत बर्गामो धर्मप्रांतात वीसहून अधिक धर्मगुरू पहिल्या लाटेत गेले. अमेरिकेत काही रुग्णालयांत धर्मगुरूंना शिरू द्यावे म्हणून तक्रारी झाल्या आणि त्यांना यशही आले. पण जितकी शाई रविवारच्या खुर्च्यांसाठी सांडली, तितकी या मृत्युशय्येसाठी सांडलेली आम्हाला दिसत नाही. सरकारशी भांडायचेच होते, तर भांडण्यासारखी जागा ही होती: संरक्षक पोशाख द्या, एका माणसाला आत सोडा, मरणाऱ्याला एकटे ठेवू नका. या मागणीला कॅसिनोशी तुलना लागतच नाही.

तेव्हा पुढच्या साथीसाठी दोन कसोट्या देऊन ठेवतो, चर्चसाठी, आणि मंदिर-मशिदीसाठीही. पहिली: समजा उद्या सरकारने कॅसिनोही बंद केला, तर तुमची मागणी उरते का? उरत नसेल, तर ती तुमची नव्हतीच, कॅसिनोची होती. दुसरी: तुमची मागणी मान्य झाली तर किंमत कोण मोजणार? तुम्ही स्वतः, की तुमच्याशेजारच्या बाकावरची म्हातारी? ग्रेस चर्चचा युक्तिवाद पहिल्या कसोटीला उतरतो, दुसरीला अडखळतो. नेव्हाडाचे गाऱ्हाणे पहिलीलाच अडखळते. वॉशिंग्टनचे मैदान आणि जॉर्जियाचे बंद दार दोन्हींना उतरतात.

राज्यसत्तेपुढे धर्मसंस्थेने ताठ उभे राहावे, असेच आमचे मत आहे. फक्त कशासाठी ताठ उभे आहोत, ते स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. आज इथे थांबतो. प्रश्न लिहून पाठवा, पुढच्या वेळी त्यांवर बोलू. नमस्कार.