फाशीच्या कोठडीतील लेखन : साहित्य की पुरावा?

जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील दोषी मुनव्वर शाह याने येरवडा कारागृहात आत्मकथन लिहिले. ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ हे त्याचे शीर्षकच कबुलीजबाब आहे. तरीही २७ नोव्हेंबर १९८३ रोजी त्याला तीन साथीदारांसह फाशी देण्यात आली. बालकाचे अपहरण व खून यासाठी फाशी ठोठावलेल्या ज्ञानेश्वर बोरकर याने तुरुंगात कविता लिहिल्या, पदवीही मिळवली. २० फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याच्या वेळचे २२ वर्षांचे वय आणि १८ वर्षांचा तुरुंगवास यांबरोबर या कवितांतून दिसणारी चुकीची जाणीव विचारात घेऊन फाशीऐवजी जन्मठेप दिली.

फाशीविरोधी पत्रक म्हणून या लेखनाकडे पाहता येत नाही. तरी फाशीविरुद्धचा युक्तिवाद त्यातच आहे. समीक्षेची अडचण येथे सुरू होते. न्यायालय कवितेत माणूस वाचते. कवितेतील ‘मी’ ही भाषेत घडवलेली रचना असते, हे समीक्षकाला विसरता येत नाही. आणि समोर फास असताना ती रचना निर्हेतुक कशी मानावी? पण हा संशयही फार ताणू नये, कारण त्याची किंमत समीक्षकाला मोजावी लागत नाही.

खरा प्रश्न न लिहिणाऱ्या कैद्याचा आहे. कैदी सुधारणार नाही हे सिद्ध करण्याचा भार बच्चनसिंग खटल्याने १९८० मध्येच शासनावर टाकला. म्हणजे कविता नसणे हा कैद्याविरुद्धचा पुरावा ठरत नाही. २०२२ च्या मनोज खटल्यात तर न्यायालयाने तुरुंगातील वर्तन, काम आणि मानसिक स्थिती यांचे अहवाल शासनाकडूनच मागवण्यास सांगितले.