समोरचे बेट आणि मधले पाणी

अटलांटिक महासागराच्या ऐन मध्यावर, लिस्बनपासून सुमारे दीड हजार किलोमीटर पश्चिमेस, पोर्तुगालची अझोर्स नावाची नऊ बेटे आहेत. ज्वालामुखींनी समुद्राच्या तळातून वर उचललेली ही बेटे सुमारे सहाशे किलोमीटरांच्या पट्ट्यात विखुरली आहेत. त्यांतील फायाल, पिको व सांव जॉर्ज ही तीन मात्र एकमेकांच्या इतकी जवळ की, एकावरचे दिवे दुसऱ्यावरून दिसावेत. फायालच्या ओर्ता बंदरातून निघालेली बोट अर्ध्या तासात पिकोच्या मादालेना धक्क्याला लागते. मधली सामुद्रधुनी जेमतेम आठ किलोमीटरांची. समोर २,३५१ मीटर उंचीचा पिकोचा पहाड थेट समुद्रातून वर आलेला, आणि बहुधा कमरेला ढग गुंडाळून बसलेला. उतारू डेकवर येतात, पहाडाकडे पाहतात, आणि पाहता पाहता प्रवास संपतो.

या अर्ध्या तासाच्या पाण्यावर दोन पुस्तके उभी आहेत. एक पाहुण्याचे, एक घरच्याचे. दोन्ही चांगली आहेत. पण ती एकच गोष्ट सांगतात असा जो समज आहे तो मला मान्य नाही.

पाहुण्यांचे म्हणाल तर या बेटांना त्यांची वाण कधीच नव्हती. मार्क ट्वेन १८६७ च्या जून महिन्यात ‘क्वेकर सिटी’ जहाजातून ओर्ताला उतरला. गाढवांवरून रपेट झाली, तेथील उत्तम रस्त्यांना शाबासकी मिळाली, माणसांच्या मागासलेपणाची यथेच्छ टिंगल झाली, आणि जहाज पुढे निघाले. ‘द इनोसंट्स अब्रॉड’मधील ती पाने वाचताना हसू येते, नाही असे नाही. पण ज्याचे जहाज शिट्टी वाजवून त्याची वाट पाहत उभे आहे, त्याचे ते हसू आहे. आपल्याकडील कितीतरी प्रवासवर्णने याच शिट्टीच्या तालावर लिहिली जातात, हे जाता जाता कबूल केलेले बरे.

याउलट लिन्शोटेन या डच माणसाचे पाहा. हा १५८३ मध्ये गोव्यात आला आणि तेथील आर्चबिशपचा चिटणीस म्हणून पाच वर्षे राहिला. परतीच्या वाटेवर १५८९ मध्ये तो तेर्सेरा बेटावरील आंग्रा बंदरात पोचला. (आंग्रा म्हटल्याबरोबर आपले कान टवकारतात, पण कान्होजींशी या नावाचा काही संबंध नाही. पोर्तुगीज भाषेत आंग्रा म्हणजे लहानशी खाडी.) हिंदुस्थानातून मिरी भरून येणारी जहाजे येथे थांबत. मलाक्काहून आलेले एक जहाज तेथे बुडाले, आणि त्याच्या मालाच्या व्यवस्थेत लिन्शोटेन दोन वर्षांहून अधिक काळ अडकून पडला. १५९६ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथात गोव्याच्या बाजाराचे प्रसिद्ध चित्र आहे, तसा आंग्राचा नकाशाही आहे. हा गृहस्थ काही साहित्यिक नव्हे, पण त्याच्या लिखाणात वजन आहे. त्याला बोट मिळत नव्हती, म्हणून त्याने बेट पाहिले.

आता पहिल्या पुस्तकाकडे वळू. राउल ब्रांदांव हा पोर्तोकडचा लेखक. १९२४ च्या उन्हाळ्यात, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, तो बोटीने बेटामागून बेट पाहत फिरला आणि १९२६ मध्ये त्याचे ‘अज्ञात बेटे’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ढगातून गाळून आलेला प्रकाश, काळ्या खडकावरचे ओले हिरवेपण, व्हेल मारणाऱ्यांच्या होड्या या सर्वांविषयी तो चित्रकाराच्या हाताने लिहितो. इवल्याशा कोर्व्हो बेटावर तो काही काळ राहिला, आणि तेथील माणसांचे दारिद्र्य त्याने सौंदर्याच्या पडद्याआड झाकले नाही. या पुस्तकात त्याने एक विचार मांडला आहे आणि तो तेथे सर्वतोमुखी झाला आहे. तो असा की, बेटाचे सर्वांत मोठे सौंदर्य त्या बेटावर नसतेच. ते समोरच्या बेटात असते. कोर्व्होला फ्लोरेस पूर्ण करते, फायालला पिको, पिकोला सांव जॉर्ज.

विचार सुंदर आहे, आणि बोटीवर उभे राहिले तर खराही आहे. पिको पाहायचा तर फायालवरून. प्रत्यक्ष पिकोवर गेल्यावर पायाखाली नुसता काळा दगड लागतो. या दगडांचे बुटके गडगे रचून तेथील शेतकऱ्यांनी द्राक्षवेलींना खाऱ्या वाऱ्यापासून आडोसा दिला, आणि २००४ साली या मळ्यांना युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. ब्रांदांवची दृष्टी अशी दोन्ही काठांवर एकाच वेळी असते. ती डेकवरची दृष्टी आहे.

माझी शंका येथेच सुरू होते. डेकवरचा मनुष्य दोन्ही बेटांचा असतो, कारण तो कोणत्याच बेटाचा नसतो. कुंपणाकुंपणाला फुललेल्या हायड्रेंजियामुळे ब्रांदांवला फायाल निळे दिसले. आज ‘निळे बेट’ हे नाव प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांवर छापले जाते. तो काही लेखकाचा अपराध नाही. पण ज्या वाक्याचे पत्रक इतक्या सहजतेने होते, त्यात कोठेतरी काहीतरी सांगायचे राहून गेलेले असते.

ते राहिलेले व्हितोरिनु नेमेझिउने सांगितले. हा तेर्सेरा बेटावर १९०१ मध्ये जन्मला, शिकायला बाहेर पडला, लिस्बनमध्ये प्राध्यापक झाला. बेटावरच्या माणसाच्या घडणीत भूगोलाचा वाटा इतिहासाइतकाच असतो, हे तो १९३२ पासून सांगत होता. १९४४ मध्ये त्याची कादंबरी आली. तिच्या नावाचा अर्थ ‘सामुद्रधुनीतील खराब हवा’. या नावात काव्य शोधायला जाऊ नये. ती धक्क्यावरची बोली आहे. सामुद्रधुनीत हवा खराब आहे, म्हणजे आज बोट सुटणार नाही. डॉक्टर पलीकडे जाणार नाही, पत्र अलीकडे येणार नाही.

काळ १९१७ ते १९१९ चा. ओर्तामधील एका जुन्या, कर्जात बुडत चाललेल्या घराण्याची मुलगी मार्गारिदा ही नायिका. ज्याच्याकडे मन ओढ घेते त्या झुआंव गार्सियाच्या घराशी तिच्या घराचे वैर. गावात प्लेगची साथ. शेवटी घर सावरण्यासाठी तिचे लग्न एका श्रीमंत बॅरनच्या मुलाशी होते, आणि त्या बॅरनची पदवी आहे समोरच्या सांव जॉर्ज बेटावरील उर्झेलिना गावाची. १८०८ च्या लाव्ह्यात त्या गावचे चर्च गाडले गेले. घंटेचा मनोरा तेवढा आजही उभा आहे. ब्रांदांवला जे समोरचे बेट पूर्णत्व देते, ते मार्गारिदाला नवरा देते. तिच्या डोळ्यांसमोर पिको रोज असतो, पण त्याच्याकडे पाहून तिचे काहीही पूर्ण होत नाही. ब्रांदांवने समोरचा काठ पाहिला. नेमेझिउने मधले पाणी पाहिले.

कादंबरी निर्दोष नाही. वंशावळी इतक्या की घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वाचावे असे वाटते. बेटांवरची बोली अनुवादात हरवते. मधली काही प्रकरणे रेंगाळतात. पण व्हेलच्या शिकारीला निघालेल्या होडीत मार्गारिदा बसते तो भाग वाचावा. तिला अडविणारे पाणी तेवढ्यापुरते तिची वाट होते. तेथे शिकारीचा थरार आहेच, पण त्याहून अधिक काही आहे: घरातील एकही माणूस जेथे तिला हाक मारू शकत नाही अशा जागी ही मुलगी प्रथमच येते. हे ब्रांदांवला लिहिता आले नसते. त्याला परत बोलावणारे घर त्या बेटांवर नव्हते.

पुढचा इतिहासही नेमेझिउच्याच बाजूने साक्ष देतो. २७ सप्टेंबर १९५७ रोजी फायालच्या पश्चिम टोकाशी, कापेलिन्युशजवळ, समुद्रातून ज्वालामुखी उसळला आणि तेरा महिने धुमसत राहिला. बेटाला नवी जमीन जोडली गेली, दीपगृह राखेत अर्धे गाडले गेले, शेते व घरे गेली. १९५८ मध्ये अमेरिकेने, सिनेटर पास्टोर व केनेडी यांच्या पुढाकाराने, प्रथम १,५०० कुटुंबप्रमुखांना प्रवेश देणारा कायदा केला, आणि घरेच्या घरे उठून गेली. त्यांच्या समोरचे बेट आता अमेरिका होते, आणि मधले पाणी आठ किलोमीटरांचे राहिले नव्हते.

व्हेलची शिकारही १९८७ मध्ये पिकोच्या लाजेश गावी शेवटची झाली. आता उंच कड्यांवरच्या त्याच टेहळणीच्या झोपड्यांतून व्हेल हेरतात, पण पाहुण्यांना दाखविण्यासाठी.

नेमेझिउची कादंबरी १९९८ पासून ‘स्टॉर्मी आइल्स’ या नावाने इंग्रजीत उपलब्ध आहे. दिवाळीच्या सुट्टीत एवढा मोठा ग्रंथ हाती घेण्याचा धीर होत नसेल, तर निदान शिकारीची प्रकरणे आधी वाचावीत. घरातल्या मुलींनाही ती वाचायला द्यावीत. वंशावळी नंतर पाहता येतील.