स्थिर माथ्याचे स्वार

बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत २८ जानेवारी २०२४ रोजी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिलीवहिली फेरी झाली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात मातीचे उंचवटे रचून त्यांवर चार गटांच्या शर्यती ठेवल्या होत्या: ४५० सीसी आंतरराष्ट्रीय, २५० सीसी आंतरराष्ट्रीय, २५० सीसी भारत-आशिया मिश्र आणि ८५ सीसीची मुलं. रसिकाला ही मांडणी म्हणजे पर्वणीच. जगभरच्या शर्यती कोळून प्यायलेला रायडर, आपल्याकडचा राष्ट्रीय पातळीवरचा तरुण आणि ओठांवर मिसरूडही न फुटलेला पोरगा, तिघंही एकाच मातीवरून एकामागोमाग जातात. अव्वल कोण आणि हौशी कोण हे कळायला मग निकालपत्रक लागत नाही. फक्त कुठे बघायचं ते ठाऊक हवं.

पहिली गोष्ट, धाडसाकडे बघू नका. धाडस पुण्यात मुबलक आहे. सिग्नल हिरवा व्हायच्या आत गाडी दामटणारा, रविवारी पहाटे लवासाच्या वळणांवर गुडघा टेकवायला निघालेला, बस आणि दुभाजक यांच्यामधल्या फटीतून स्कूटर काढणाऱ्या काकू, यांच्यापैकी कुणीच भित्रं नाही. भीती न वाटणं हा गुण असता तर जगज्जेते आपल्या पेठापेठांतून निघाले असते. अव्वल रायडरला भीती असतेच, फक्त ती त्याच्या मनगटापर्यंत पोचत नाही.

आता गेटपाशी या. तीस सेकंदांची पाटी आडवी झाली की पुढच्या पाच ते दहा सेकंदांत लोखंडी गेट पडतं. नेमकं कधी, ते कुणालाच माहीत नसतं. हौशी रायडरची नजर तेव्हा इकडेतिकडे भिरभिरते: शेजारच्याकडे, पहिल्या वळणाकडे. मुरलेला मात्र फक्त गेटाच्या सळीकडे बघतो, ती हलली की सुटतो. गंमत अशी की प्रतिक्रियेच्या निव्वळ वेगात माणसामाणसांत आपण समजतो तेवढा फरक नसतो. फरक पडतो पुढच्या तीन-चार मीटरांत. चाकणच्या कारखान्यातून निघणारी ३९० ड्यूक साधारण ४५ अश्वशक्तीची आणि वजनानं १६० किलोंच्या पुढे. ४५० सीसीची सुपरक्रॉस गाडी तिच्याहून पन्नासेक किलोंनी हलकी आणि ताकद मात्र ५५ ते ६० अश्वशक्तीची. असं जनावर नुसता कान पिळून पुढे जात नाही, ते मागच्या चाकावर उभं राहतं. पुढचं चाक हातभर उचललं गेलं की प्रेक्षक ओरडतात आणि जाणकार हळहळतात, कारण तेवढी ताकद आभाळात गेली. उत्तम रायडरची छाती हँडलच्या वर झुकलेली असते, कोपरं बाहेर, क्लचवर एकच बोट. पुढचं चाक मातीपासून जेमतेम कागदभर सुटतं आणि तिथंच राहतं. सगळ्या गलक्यात ही कागदभर फट ज्याला दिसली, त्याला अर्धी शर्यत कळली.

मग येतात हूप्स, आणि इथं मी नेहमीच रेंगाळतो. गुडघ्याच्या वर जाणाऱ्या मातीच्या उंचवट्यांची ती सलग रांग. सस्पेन्शन जवळपास तीस सेंटिमीटर खाली-वर होऊ शकतं, तरी ते पुरत नाही. पुढचं चाक एका खळग्यात उतरलं की मागचं चाक लाथ मारतं, पुढच्या खळग्यात आणखी जोरात, आणि तिसऱ्यात माणूस हँडलवरून पलीकडे. हौशी रायडर इथं शहाणपणानं वेग कमी करतो, आणि नेमका त्यामुळेच खळग्यांत उतरतो. अव्वल रायडर वेगातच येतो, पार्श्वभाग मागे सरकवतो, गुडघ्यांनी टाकी पकडतो आणि रेस ढळू देत नाही. चाकं मग फक्त माथ्यांना शिवत जातात. पण डोळे चाकांवर ठेवू नका. हेल्मेटच्या पुढच्या झापेकडे बघा. खाली गाडी यंत्रमागासारखी थडथडते आहे, घोटे, गुडघे, कंबर क्रमानं ते धक्के गिळताहेत, आणि वर ती झाप सूत धरून ओढावी तशी सरळ रेषेत चालली आहे. तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाला आणि वाट वाचणाऱ्या डोळ्यांना स्थिर जागा मिळाली, तरच मेंदू पुढचा निर्णय वेळेवर घेतो. डोकं हललं की सगळं चित्रच हलतं. उपजत म्हणता येईल असं काही या खेळात असेल, तर ते मला सर्वांत आधी इथं दिसतं, धावत्या यंत्रावरच्या त्या निश्चल माथ्यात.

हवेतली करामत तर सगळ्यांना दिसते, म्हणूनच तिच्यातलं बारीक काम निसटतं. उडी घेतल्यावर रायडर असहाय असतो असा समज आहे. प्रत्यक्षात त्याच्या हाती दोन लगाम असतात. हवेत रेस दिली की मागचं चाक जास्त वेगानं फिरतं आणि त्याच्या प्रतिक्रियेनं गाडीचं नाक वर येतं; मागचा ब्रेक किंचित दाबला की चाक थांबतं, त्याचा फिरता जोर गाडीत उतरतो आणि नाक खाली जातं. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हे एका परिच्छेदात आटपतं. इथं मात्र ते अर्ध्या सेकंदात, जमिनीपासून दोन-तीन मीटर वर करायचं असतं आणि कोन किती बिघडलाय हे बघायला वेळ नसतो, ते बुडाखाली जाणवावं लागतं. अवकाशात आपलं शरीर नेमकं कसं कललं आहे याची ही जाणीव काही मुलांकडे झाडावर चढतानाच दिसते; काहींना ती उभ्या आयुष्यात येत नाही.

आणि मग स्क्रब. जेम्स स्टुअर्ट या अमेरिकन रायडरनं दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला ही युक्ती गाजवली. उडीच्या चढावर असतानाच गाडी आडवी पाडायची, म्हणजे सस्पेन्शनची उसळी उंचीत खर्च होत नाही आणि गाडी बुटक्या कमानीत पलीकडे जाते. चाकं हवेत असताना इंजिन कितीही बोंबललं तरी गाडी पुढे ढकलली जात नाही; हवेतला प्रत्येक क्षण वाया. म्हणून जो कमी उडतो तो जास्त धावतो. उंच उडीला टाळ्या पडतात, त्या पडू द्या. तुम्ही तो रायडर शोधा जो जवळजवळ आडव्या गाडीवरून खाली झुकलेला, हँडलचं टोक उतारावर घासेल की काय असं वाटत असताना, शेवटच्या क्षणी चाकं सरळ करून उताराला अलगद लागतो. एकदा डोळे मिटूनही ऐका. हौशी रायडर उतरला की आधी धप्प ऐकू येतं, मग क्षणभर शांतता, मग इंजिन. उत्तम रायडरचं इंजिन टेकण्याआधीच बोलायला लागलेलं असतं. धप्प ऐकू येतच नाही. मला विचाराल तर अख्ख्या शर्यतीतला सर्वांत देखणा क्षण हा ऐकायचाच असतो.

उंचवट्यांच्या लांब मालिकेला रिदम सेक्शन म्हणतात आणि पुणेकर श्रोत्याला त्याचं मर्म समजावून सांगायला नको. तोच ठेका दोन-दोन-तीन असा बांधता येतो किंवा तीन-तीन-एक असा. शेवटी वळणाच्या तोंडाशी, समेवर, नेमकं यायचं. दर फेरीला माती बदलते, चाकोऱ्या खोल होतात, पुढचा रायडर वाट अडवतो. हौशी माणूस पाठ केलेलाच तुकडा वाजवतो आणि तो मोडला की अडखळतो. वरचा रायडर तिसऱ्या उंचवट्यावर बेत बदलतो आणि तरीही समेवर येतो.

वळणावर हातांकडे बघा. सुपरक्रॉसमध्ये हृदयाचे ठोके मिनिटाला १८० च्या घरात जातात, आणि नवख्यांना पहिल्या पाच मिनिटांत जो त्रास होतो त्याला रायडर आर्म पंप म्हणतात: हँडल घट्ट आवळून धरल्यानं दंडाखालचे स्नायू दगडासारखे होतात, बोटांना ब्रेक कळेनासा होतो. घट्ट धरणं ही भीतीची नैसर्गिक भाषा आहे, म्हणूनच ती विसरणं अवघड. कसलेला रायडर गाडी गुडघ्यांनी आणि घोट्यांनी धरतो. हात फक्त विचारपूस करायला. वळणात आतला पाय पुढच्या चाकाच्या आसाच्या दिशेनं लांब काढलेला, भार बाहेरच्या फूटपेगवर, बाहेरचं कोपर उंच, पुढच्या ब्रेकवर एक बोट. त्या एका बोटाला टायरखालची माती ओली आहे की भुसभुशीत, ते कळतं. डांबरी शर्यतींत मार्क मार्केझ हाच स्पर्श निराळ्या टोकाला नेतो: पुढचं टायर निसटलेलं असतं, बघणाऱ्याच्या लेखी माणूस पडलेलाच असतो, आणि तो गुडघ्यानं व कोपरानं रस्त्याला रेटा देऊन गाडी परत उभी करतो. टायर निसटल्याची बातमी त्याच्या तळव्यांना लवकर पोचते, एवढंच म्हणता येईल. पण ते ‘एवढंच’ किती मोठं!

मग हे सगळं जन्मजात की कमावलेलं? वादाला दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत. सुपरक्रॉसचा आरंभ मानली जाणारी लॉस एंजेलिसच्या कोलिझियममधली जुलै १९७२ ची शर्यत मार्टी ट्राइप्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलानं जिंकली, आणि सोळाव्या वर्षी अनुभवाची शिदोरी ती किती असणार. पण मार्केझला पहिली मोटरसायकल मिळाली ती चौथ्या वर्षी. ज्याला बोलता येऊ लागल्यावर लगेच गाडी मिळते, त्याच्या सवयीला उपजत म्हणायचं की काय? आपल्याकडचा मुलगा बहुतेकदा दहावीनंतर, घरच्यांची समजूत घालून, कुणाची तरी जुनी गाडी दुरुस्त करून सुरुवात करतो. ट्रॅक मोजके, माती परवानगीची. त्याच्यात आणि युरोपातल्या रायडरमध्ये दिसणाऱ्या अंतराचा मोठा हिस्सा बालपणीच्या त्या दहा-बारा वर्षांचा आहे, रक्ताचा नाही. म्हणून भारत-आशिया गटात पुण्याचा ऋग्वेद बारगुजे किंवा त्याच्यासारखे स्थानिक रायडर बघताना मी त्यांना परदेशी पाहुण्यांच्या घड्याळाशी ताडत नाही. त्यांचा माथा हूप्समध्ये किती स्थिर राहतो, ते बघतो.

तरीही एकाच वयात, एकाच मातीवर सुरुवात केलेल्या मुलांमधूनही एखादा वेगळा निघतोच, आणि त्याला हेरायला ८५ सीसीच्या शर्यतीसारखी जागा नाही. तिथं तंत्र कच्चं असतं, त्यामुळे देणगी उघडी पडते. पडल्यावर काय करतो ते बघा. बहुतेक मुलं आधी स्वतःला चाचपतात, मग गाडीकडे धावतात, घाईत तिला मान पिरगळून उचलतात. एखादाच पोरगा लोळण घेतानाच मागून येणाऱ्यांकडे नजर टाकतो, गाडीच्या सुरक्षित बाजूनं उठतो, आणि दुसरा हात हँडलला लागायच्या आत त्याची बोटं क्लचवर असतात. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं.

पुण्याचा सार्थक चव्हाण मातीवरच्या मुलांच्या शर्यतींतून पुढे डांबरी सर्किटवर गेला आणि होंडाच्या एनएसएफ २५० आर या रेसिंग गाडीवर धावला. माती सोडून डांबरावर गेलेल्या रायडरला चेन्नईजवळच्या सर्किटवर बघायचा योग आला, तर लांब सरळ वाटेच्या शेवटी, ब्रेकच्या जागी उभे राहा. सगळ्यांच्याच गाड्यांचं मागचं चाक तिथं हलकं होऊन थोडं बाजूला सरकतं. डांबरावरच वाढलेला रायडर त्या सरकण्याला लगेच उत्तर देतो, आणि त्या उत्तरानं गाडी आणखी हलते. मातीत वाढलेला काहीच करत नाही. चाक सरकू देतो, त्याच सरकण्यावर गाडीचं तोंड वळणाकडे फिरवून घेतो, आणि इतरांपेक्षा हातभर उशिरा ब्रेक सोडतो.