मिश्र स्कॉचचें रसग्रहण

ज्यांच्या घरीं स्कॉचची बाटली येते असे आमचे बहुतेक स्नेही अलीकडे ती 'सिंगल मॉल्ट' आहे किंवा नाहीं हें प्रथम सांगतात, आणि नसल्यास थोडे ओशाळतात. मिश्र स्कॉच, म्हणजे जिला 'ब्लेंडेड' म्हणतात ती, त्यांच्या लेखीं लग्नघरांतल्या गरीब नातेवाइकासारखी. असते, पण पुढें येत नाहीं. ह्या समजुतीविरुद्ध आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. जेवणापूर्वीं निवांतपणें घोट घोट घ्यावयाची जी व्हिस्की, ती बेताच्या किंमतीची मिश्र स्कॉचच असावी असें आमचें मत आहे. आणि तें केवळ खिशाकडे पाहून बनलेलें नाहीं.

दोहोंतला भेद थोडक्यांत असा. मॉल्ट ही मोड आणून वाळविलेल्या जवांपासून तांब्याच्या भट्टींत एकेक घाणा काढून गाळतात. ती दाट, बोलकी, कधीं कधीं हट्टी. ग्रेन व्हिस्की गहू किंवा मका यांत थोडे मोड आलेले जव घालून, स्तंभासारख्या उंच भट्टींत अखंड धारेनें गाळतात. ह्या भट्टीचें पेटंट ईनिअस कॉफी ह्या डब्लिनच्या माजी अबकारी अधिकाऱ्यानें १८३० सालीं घेतलें. ग्रेन हलकी आणि सौम्य. १८६० च्या कायद्यानें ह्या दोहोंचें मिश्रण जकात भरण्यापूर्वींच वखारींत करण्याची मोकळीक मिळाली, आणि एडिंबरोच्या अँड्र्यू अशरसारख्या व्यापाऱ्यांनीं तिचा पुरेपूर उपयोग केला. किल्मार्नॉकचा जॉन वॉकर हाही मूळचा वाणीच. १८२० सालीं त्यानें किराणा मालाचें दुकान घातलें.

ही कला वाण्याच्या दुकानांत वाढली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. आपल्याकडील गोडा मसाला करणारी गृहिणी दगडफूल एकटें चाखून त्याची थोरवी ठरवीत नाहीं. तें मसाल्यांत किती पडलें आणि आमटींत कसें उतरलें हें ती पाहते. मॉल्टचे अभिमानी मात्र दगडफुलाचीच वाटी पुढें करतात. १९०५ सालीं लंडनच्या इस्लिंग्टन भागांत ग्रेनयुक्त मद्य 'व्हिस्की' म्हणून विकल्याबद्दल दुकानदारांवर खटले झाले; अखेर राजनियुक्त मंडळानें १९०९ सालीं दोन्ही व्हिस्कीच असा निर्णय दिला. आमच्या मित्रांच्या दिवाणखान्यांतून तो खटला अद्याप चालू आहे.

आम्ही स्वतः ह्या दोषापासून मुक्त होतों असें नाहीं. गेल्या हिवाळ्यांत एका मित्राच्या घरीं त्याच्या पत्नीनें, आमच्या गप्पांना कंटाळून, चार पेले भरून त्यांना फक्त क्रमांक दिले. तीन मिश्र होत्या: टीचर्स, फेमस ग्राउस आणि जॉनी वॉकर रेड लेबल. चौथी तिच्या नवऱ्याची लाडकी सिंगल मॉल्ट, तिप्पट किंमतीची. दुसरा पेला हीच मॉल्ट, असें आम्ही मोठ्या अधिकारानें सांगितलें. ती टीचर्स निघाली. मॉल्टच्या पेल्यास आम्ही 'बरी, पण थोडी एकसुरी' असा शेरा मारला होता, आणि वहिनींनीं तो लिहून ठेवला होता.

पुढें तिन्ही मिश्र व्हिस्की आम्ही सावकाश, निरनिराळ्या दिवशीं, पुन्हा घेतल्या. विल्यम टीचर हा ग्लासगोचा मद्यविक्रेता. 'हायलंड क्रीम' हें नांव १८८४ सालीं नोंदविलें गेलें. तिचा कणा म्हणजे १८९८ सालीं उभारलेल्या आर्डमोर भट्टीची मॉल्ट. तिचे जव पीटच्या, म्हणजे दलदलींतील वाळलेल्या मातीच्या, धुरावर सुकवितात. म्हणून टीचर्सला चुलीजवळच्या ओसरीचा वास आहे. तोंडावर ती किंचित् खरखरीत लागते, हें कबूल. परंतु चमचाभर पाणी घातलें कीं खरखर मावळते आणि धूर राहतो. ग्राउस पर्थच्या मॅथ्यू ग्लोगची, १८९६ ची. ती गोडसर व सुक्या मेव्याची आठवण देणारी, नवख्याला जवळची. मात्र तिसऱ्या घोटानंतर तिच्याजवळ सांगण्यासारखें फारसें उरत नाहीं. रेड लेबल मिरमिरीत, तरुण, उतावळी. सोड्यांत ती खुलते, आणि तिचा जन्मच त्यासाठीं आहे असें आम्हांस वाटतें. नुसती पिऊन तिला नांवें ठेवणें हा तिच्यावर अन्याय. म्हणून घोट घोट घेणाऱ्यास आमची शिफारस टीचर्सची. ज्यास धूर मुळींच सोसत नाहीं त्यानें ग्राउस घ्यावी.

निवड करतांना रंगावर विश्वासूं नये. साध्या कारमेलनें रंग गडद करण्यास कायद्याची परवानगी आहे. वयाच्या आंकड्याचेंही भय नको. स्कॉच म्हणविण्यास ओकच्या पिंपांत किमान तीन वर्षें मुरावें लागतें, आणि बाटलीवरील आंकडा मिश्रणांतील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचा असतो. आंकडा नसणें ही गुन्ह्याची कबुली नव्हे. येथें भरलेली बाटली हलकी, हाही एक भ्रम. आपल्याकडची टीचर्स किंवा ब्लॅक अँड व्हाइट स्कॉटलंडांतच मुरते आणि मिसळली जाते. फक्त बाटलींत येथें भरतात. सिंगल मॉल्टला २०१२ पासून ही मुभा नाहीं, मिश्र स्कॉचला आहे. तिच्या स्वस्ताईचें एक कारण तेंच आहे.

राहतां राहिला 'रोजची' हा शब्द. ब्रिटिश वैद्यकाधिकाऱ्यांनीं २०१६ सालीं आठवड्यास १४ युनिटांहून अधिक मद्य नियमानें घेऊं नये, आणि तेंही तीन किंवा अधिक दिवसांवर विभागावें, असें सांगितलें. २५ मिलिलिटर, ४० टक्क्यांची व्हिस्की म्हणजे एक युनिट. आपला ६० मिलिलिटरचा मोठा पेग ४२.८ टक्क्यांचा असला तर अडीच युनिटांच्या वर जातो. रोज असा एकच घेणाराही आठवड्याअखेर मर्यादेबाहेर असतो. तेव्हां 'रोजची' म्हणजे समारंभाची नव्हे ती, इतकाच अर्थ आम्ही घेतों, आणि ३० मिलिलिटरचें माप वापरतों.

आमच्या मित्रानें आपली मॉल्ट पुन्हा कपाटांत, वरच्या फळीवर ठेवली आहे. पाहुण्यांसाठीं आहे म्हणतो. वहिनींचा तो शेऱ्याचा कागद मात्र खालच्या फळीवर, टीचर्सच्या बाटलीखालीं दुमडून ठेवलेला आम्हीं पाहिला.